वहिनींचं जाळं आणि बोटभर स्प्रिंग

दादाच्या घरातल्या जेवणाच्या खोलीची एक भिंत गेली दोन वर्षं त्याच्या मालकीची नाही. तिच्यावर वहिनींनी मोठाले कागद चिकटवले आहेत. कागदांवर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि दादाच्या हातून उडालेल्या चहाचा एक डाग. त्या डागालाही वहिनींनी पेन्सिलीने एक रेघ जोडलेली मी पाहिली आहे. मी विचारलं, "वहिनी, हा कोण पुरवठादार?" तर निरखून बघून म्हणाल्या, "तरीच. तीन दिवस याचा पत्ता सापडत नव्हता."

वहिनींचं वय बावन्न. चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात त्या तेवीस वर्षं कारकून आहेत. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या खुर्च्या. एका खुर्चीला लहानमोठे एकशे बारा भाग लागतात, आणि ते एकशे बारा भाग वेळेवर गोदामात आले की नाही हे बघणं हे वहिनींचं काम. नुसतं आले की नाही एवढं बघून थांबल्या असत्या तर घरात शांतता नांदली असती. पण त्यांना जन्मजात एक खोड आहे. कोणतीही वस्तू हातात आली की त्या विचारतात, "हे कुठून येतं?" लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या आईला दाराच्या कडीबद्दल हा प्रश्न विचारला होता. आई म्हणाली, "दुकानातून." वहिनी म्हणाल्या, "आणि दुकानात?" आईने त्या दिवसापासून सुनेपुढे हात टेकले ते कायमचे. कारखान्यात तर त्यांचं नावच कुठूनताई पडलं आहे. कामगार तोंडावर म्हणतात आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. विषयाचं नाव वाचून दादाने चष्मा पुसला: 'पुरवठा साखळ्या : गुंतागुंतीची जाळी म्हणून अभ्यास'.

"अगं, हे शिकून काय मिळणार?" दादा म्हणाला.

"अहो, ते शिकल्यावर सांगते."

"आणि जेवण?"

"ते कुठून येतं, हे तुम्हीही शिकून घ्या."

दादा शिकला. अभ्यासक्रम पूर्ण केला असं म्हणवत नाही, पण उत्तीर्ण झाला.

वर्गात वहिनी सगळ्यांत मोठ्या, आणि शिकवणारे सर त्यांच्या भाच्याच्या वयाचे. सर त्यांना ताई म्हणत, त्या त्यांना सर म्हणत, आणि दोघंही एकमेकांना थोडे घाबरून असत. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की साखळी हा शब्द फसवा आहे. आपल्याला वाटतं, याने त्याला दिलं, त्याने मला दिलं, झाली साखळी. प्रत्यक्षात एक जण दहा जणांना देतो, ते दहा जण आपापसांत देतात-घेतात, आणि शेवटी जे तयार होतं ते जाळं असतं. मग त्यांनी फळ्यावर असं एक जाळं काढलं आणि डस्टरने डोळे मिटून इथले-तिथले चार ठिपके पुसले. जाळं शाबूत. मग डोळे उघडून, विचार करून, एकच ठिपका पुसला. जाळ्याचे दोन तुकडे.

"म्हणजे," सर म्हणाले, "असं जाळं उगाच झालेल्या अपघाताला सहसा दाद देत नाही. पण नेमक्या जागी लागलं तर कोसळतं. आणि ती नेमकी जागा सगळ्यांत मोठ्या ठिपक्याचीच असते असं नाही. ज्याच्याशी खूप जण जोडलेले तो मोठा. पण ज्याच्यावरूनच सगळ्यांना जावं लागतं, तो धोक्याचा. तो दिसायला अगदी चिल्लर असू शकतो."

वहिनींनी हात वर केला. "सर, आणि तो ठिपका आपल्या कागदावरच नसेल तर?"

"कागदावर नसेल तर आपण तो नाही असं गृहीत धरतो, ताई."

"गृहीत कशाला धरायचं? जाऊन बघायचं."

सर म्हणाले की प्रत्यक्षात तसं कुणी करत नाही. वहिनींना एखादं काम करायला लावायचं असेल तर हेच वाक्य पुरतं. त्यांनी प्रकल्पाचा विषय तिथल्या तिथे नोंदवला: आमच्या कारखान्याचं जाळं, पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंत.

आता या गोष्टीत वहिनींचे साहेब येतात. खरेदी विभागाचे प्रमुख. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी काचेच्या चौकटीत घालून टेबलामागे टांगला होता: 'प्रत्येक महत्त्वाच्या भागाला तीन पुरवठादार.' एक पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. नियम सोन्यासारखा. पण 'तीन तिगाडा, काम बिगाडा' ही म्हण कारखान्यात सगळ्यांना पाठ, त्यामुळे साहेबांचं नाव तिगाडेसाहेब पडायला फार वेळ लागला नाही. साहेब माणूस म्हणून चांगले. फक्त स्वतःच्या नियमावर त्यांचं जितकं प्रेम होतं तितकं आम्ही सहसा नातवंडांवर करतो.

साहेबांच्या खोलीत एक लाकडी फळी होती, नमुन्यांची. कोणत्याही पुरवठादाराचा माल पसंत पडला की त्यातला एक नग त्या फळीवर खिळ्याला टांगायचा, खाली नाव लिहायचं. पाहुणा आला की साहेब त्याला पहिल्यांदा ब्रेकच्या स्प्रिंगांपाशी नेत. बोटभर लांबीची, दोन्ही टोकांना आकडे असलेली स्प्रिंग. खुर्चीच्या ब्रेकचा दांडा ओढला की हीच त्याला चाकावर दाबून धरते. ही नसेल तर उतारावर खुर्ची आपली वाट आपण काढते. एका खुर्चीला दोन लागतात.

तीन खिळ्यांवर तीन पुरवठादारांच्या तीन स्प्रिंगा. कार्यालयात त्या तिघांना जवळचा, मधला आणि लांबचा म्हणत, ज्याच्या त्याच्या दुकानाच्या अंतरावरून. साहेब म्हणत, "बघा. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या जागा, आणि मालात केसाचा फरक नाही. याला म्हणतात शिस्त."

पाहुणे माना डोलवत. वहिनींनीही अकरा वर्षं डोलवली. मग प्रकल्प सुरू झाल्यावर एका दुपारी, साहेब जेवायला गेले असताना, त्या भिंग घेऊन फळीपाशी गेल्या. तिन्ही स्प्रिंगांच्या तिसऱ्या वेढ्यावर, आतल्या बाजूला, एक बारीक चपटा वण होता. जणू कुणी नखाने चिमटा काढावा. तिन्हींवर. त्याच जागी.

वहिनी गोदामात गेल्या. तिघांच्या तीन खोक्यांतून मूठ मूठ स्प्रिंगा काढल्या. सगळ्यांवर वण.

"साहेब," त्या दुपारी म्हणाल्या, "तीन वेगळ्या बायकांनी केलेल्या भाकऱ्या हुबेहूब सारख्या कधी होतात?"

"कधी?"

"भाकऱ्या करणारी चौथीच कुणी असेल तेव्हा."

साहेब हसले. "कुठूनताई, तुम्हाला त्या वर्गाने वेड लावलंय. माल सारखा आला तर तक्रार, वेगळा आला तर तक्रार. हा माझ्या तपासणीचा गुण आहे."

वहिनींनी पुढचे चार दिवस जुनी चलनं चाळली. गेल्या सहा वर्षांत ब्रेकच्या स्प्रिंगा उशिरा आल्या त्या नऊ वेळा. नऊही वेळा तिघेही एकाच आठवड्यात उशिरा. जवळच्याने लिहिलं होतं मशीन बिघडलं, मधल्याने लिहिलं होतं घरात आजारपण, लांबच्याने लिहिलं होतं रस्ता बंद. तिघांची संकटं निरनिराळी, पण मुहूर्त एक.

हे साहेबांना दाखवलं तेव्हा ते हसले नाहीत. चिडले. कारण नेमकी त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली होती. एका नव्या रुग्णालयाला चारशे खुर्च्या हव्या होत्या, दहा आठवड्यांत. म्हणजे आठशे स्प्रिंगा, आणि गोदामात होत्या दीडशे. साहेबांनी वहिनींच्या समोर फोन उचलला आणि तिघांना एकामागून एक विचारलं, "नेहमीच्या दुप्पट माल देता येईल?" जवळचा म्हणाला हो. मधला म्हणाला हो. लांबचा म्हणाला, साहेब, तिप्पट मागा.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "तीन होकार."

"एकाच तोंडातले, साहेब."

"ताई, जा. खुर्चीच्या गाद्यांचं कापड अजून आलेलं नाही, ते बघा."

वहिनींनी कापडाचं बघितलं. आणि गुरुवारी अर्धी रजा टाकली.

तिन्ही पुरवठादारांना त्यांनी सरळ विचारून पाहिलं होतं. तिघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की माल आम्ही स्वतः बनवतो. आपला माल कुठून येतो हे गिऱ्हाइकाला सांगणारा व्यापारी म्हणजे चोराला किल्ली देणारा. यात त्यांची चूक नाही. पण जवळचा दर गुरुवारी दुपारी रिकाम्या पिशव्या घेऊन स्कूटरवरून कुठेतरी जातो, हे वहिनींनी गोदामातल्या हमालाकडून काढलं होतं. तेव्हा गुरुवारी दादाच्या स्कूटरवर मागे वहिनी, आणि समोर पन्नास हातांवर जवळच्याची स्कूटर, अशी ती वरात निघाली.

पाठलाग करायला दादासारखा अपात्र माणूस शोधून सापडणार नाही. तो वळणावर हात दाखवतो, पादचाऱ्याला आधी जाऊ देतो, ओळखीचं कुणी दिसलं की थांबतो.

"अहो, जवळ घ्या. सुटेल तो."

"जवळ घेतलं तर बघेल."

"लांब ठेवलं तर आपण काय बघणार?"

"अगं, मी बँकेतून निवृत्त झालोय. पोलिसातून नाही."

दोन सिग्नल गेले, बाजार गेला, लोखंडाच्या भंगाराची गल्ली गेली. तिसऱ्या सिग्नलला जवळच्याची आणि दादाची स्कूटर शेजारी शेजारी उभी राहिली, आणि दादाने सवयीने मान झुकवून त्याला नमस्कार केला. वहिनींनी डोळे मिटून घेतले.

जवळच्याने दोघांकडे पाहिलं. मोठा उसासा सोडला. "ताई, बाजारापासून बघतोय मी आरशात. असं मागे मागे कशाला? चला, दाखवतो. तसाही स्प्रिंगा बनवणारा मास्तर महिनाअखेर दुकान बंद करतोय. मला रात्रीची झोप नाही."

"मग साहेबांना दुप्पट देतो म्हणालात ते?"

"मधला आणि लांबचा हो म्हणणारच, मग मी नाही कसं म्हणू? गिऱ्हाईक गेलं असतं."

ती खोली एका छापखान्याच्या मागे होती. एक खिडकी, एक टेबल, तारेची भेंडोळी, आणि पायाने चालणारं एक जुनं मशीन. त्यावर वाकलेले मास्तर. वय एक्काहत्तर. मशीन तार गुंडाळून वेढे घालतं, पण टोकाचे आकडे ते एका लोखंडी साच्यात धरून हाताने वाकवत. त्या साच्याच्या जबड्याला एक कंगोरा होता, आणि तो तिसऱ्या वेढ्याला चिमटा काढत होता. वहिनींनी तो कंगोरा बोटाने चाचपला. मला नंतर म्हणाल्या, "भावोजी, इतके दिवस भिंतीवर ज्याची जागा मोकळी सोडली होती, त्याला हात लावल्यासारखं वाटलं."

मास्तरांचं मनगट सुजलेलं होतं. पूर्वी दिवसाला साठ स्प्रिंगा होत, आता वीस झाल्या तर खूप. महिनाअखेरीला अठरा कामाचे दिवस उरले होते. नंतर ते मुलीकडे राहायला जाणार होते.

वहिनींनी मनातल्या मनात हिशेब केला. गोदामातल्या दीडशे, आणि या हातांकडून फार तर साडेतीनशे. पाचशे. लागणार आठशे. म्हणजे दीडशे खुर्च्या उरणार, आणि त्या ब्रेकशिवाय पाठवता येत नाहीत.

"मास्तर, दुसरं कुणी नाही का बनवत?"

"बनवतात की. पण आकड्याचा कोन चुकला की शंभर ओढींत तो उघडतो. एकदा एक मोठी कंपनी विचारत होती, पण ती लाखाच्या खाली बोलत नाही." मग त्यांनी डोळे बारीक केले. "या लागतात तरी कशाला? मला वाटायचं फाटकाच्या कड्यांना."

एकोणीस वर्षं त्यांनी त्या बनवल्या होत्या आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. वहिनींनी सांगितलं. चाकाच्या खुर्च्या, उतार, ब्रेक, सगळं.

"मग तर मी वाईट मनगटाने बनवायला नको होत्या," ते म्हणाले.

"त्यातली एकही परत आलेली नाही."

"शिकवीन मी. पण हात पाठवा. तोंडं नकोत."

दुसऱ्या दिवशी वहिनी मास्तरांना घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांना वाटलं कुणी पाहुणा आहे. ते सवयीने उठले, फळीपाशी गेले आणि म्हणाले, "बघा, तीन वेगळी माणसं, तीन..."

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला. फळीवरची पहिली स्प्रिंग खिळ्यावरून उतरवली. "ही माझी. साचा नवीन होता तेव्हाची." दुसरी उतरवली. "ही पण माझी. त्या वर्षी तार जरा कडक आली होती." तिसरी हातात घेऊन थोडा वेळ पाहिली. "ही दुखत्या हाताची. इथे बघा, आकडा किंचित झुकलाय. ही तुम्ही पास कशी केली?"

साहेब खुर्चीत बसले. काचेच्या चौकटीतला नियम त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होता, आणि वहिनी शपथेवर सांगतात की त्या तिकडे अजिबात बघत नव्हत्या.

"कुठूनताई," साहेब म्हणाले, "अठरा दिवस ना? मग उभ्या काय राहिलात?"

मास्तरांचं मशीन आणि साचा कारखान्याने विकत घेऊन आपल्याकडे आणला. आता हात हवे होते. वहिनींनी गाद्या शिवणाऱ्या विभागातल्या दोघी निवडल्या. दोघींची बोटं बारीक कामाला तयार होती, आणि दोघी एकमेकींच्या सख्ख्या जावा होत्या. गेली चार वर्षं त्यांच्यात एका कपाटावरून बोलणं बंद होतं. मास्तरांना तोंडं नको होती, ही सोय आपोआप झाली.

पहिल्या दिवशी दोघींच्या मिळून त्रेचाळीस स्प्रिंगा वाया गेल्या. मास्तर एकेक उचलायचे, ओढून बघायचे आणि बादलीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी अडतीस. थोरली जाऊ रडकुंडीला आली. धाकटी बघत राहिली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"ताई, अंगठा खाली घ्या. तुमचा वर जातोय."

"तुझा कुठे असतो?"

"खाली."

"मग कालच सांगायचं होतंस."

"काल बोलत नव्हते."

पाचव्या दिवशी मास्तरांनी एक स्प्रिंग दोनशे वेळा ओढली आणि ती बादलीऐवजी टेबलावर ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघी पुढच्या तारेकडे वळल्या.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. साहेबांना तर खात्रीच होती. जवळचा, मधला आणि लांबचा तिघेही आता स्प्रिंगा मागायला आपल्याच दारात येतील म्हणून ते खुशीत होते. इतर कारखान्यांनाही त्या लागतातच. फक्त वहिनी घरी भिंतीसमोर उभ्या होत्या. मास्तरांचा ठिपका त्यांनी खोडला होता आणि त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या रेघा आपल्या कारखान्याच्या ठिपक्याला जोडल्या होत्या.

"अगं, झालं ना आता?" दादा म्हणाला. "भिंत मोकळी कर."

"झालं कुठे? फक्त जागा बदलली. काल सगळं एका म्हाताऱ्यावर टांगलेलं होतं, आज आपल्यावर टांगलंय."

सकाळी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. मास्तर अजून सहा दिवस आहेत, तेवढ्यात दुसरा साचा करून घ्यायचा, तो मधल्याला द्यायचा, वेढे घालायचं एक मशीन त्याच्याकडे पडून आहेच, आणि त्याच्याही माणसाला शिकवायचं.

"आपल्या हातातलं आपणच दुसऱ्याला द्यायचं?" साहेब थक्क झाले. "आपल्याच पायावर धोंडा?"

"पाय एकच असला तर धोंडा लागायचाच, साहेब."

"ताई, आपण म्हणजे एकटा म्हातारा नव्हे. हा कारखाना आहे. त्याचं मनगट सुजत नाही."

"आपल्याकडे मशीन एकच आहे. तेही त्याच म्हाताऱ्याचं."

"नको म्हणजे नको."

वहिनींनी वर बोट केलं, चौकटीकडे. "मग तो नियम उतरवून ठेवते. 'प्रत्येक महत्त्वाच्या भागाला तीन.' आज आपल्याकडे एकच आहे, साहेब. मी तुमचाच नियम पाळायला सांगतेय. फक्त या वेळी ते खरोखर वेगळे असू देत."

कुणी आपल्याच नियमाने आपल्याला कोंडलं की माणूस एक तर ओरडतो, नाही तर सही करतो. साहेबांनी पाच मिनिटं पहिलं केलं आणि मग दुसरं. सही करताना म्हणाले, "हे आपल्या अंगाशी आलं तर तुमच्या त्या सरांना धरीन."

मधल्याने आपल्या मुलीलाच पाठवलं. तिने साच्याचा कंगोरा कानस मारून गुळगुळीत करून घेतला, त्यामुळे तिच्या स्प्रिंगांवर वण नव्हता. मास्तरांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "एकोणीस वर्षं मला हे सुचलं नाही," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून मुलीकडे गेले.

वर्गाचे सर एकदा भिंत बघायला घरी आले. आल्यावर बराच वेळ उभेच राहिले. मग त्यांनी विचारलं, "ताई, ही सगळी माहिती कुठून मिळाली?" वहिनींच्या आयुष्यात त्यांना हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस. त्या नुसत्या लाजल्या. दादाने चहा ठेवला आणि या वेळी कागदापासून लांब ठेवला.

ऑर्डर पाठवायला अकरा दिवस उरलेले असताना कारखान्यातल्या त्या जुन्या मशीनचा मुख्य दांडा तुटला. सकाळी साडेनऊला, थोरल्या जावेच्या हाताखाली, कडकन. त्या वेळी एकशे सत्तर स्प्रिंगा करायच्या बाकी होत्या. दांडा नवीन करायला तीन आठवडे लागतील असं सांगण्यात आलं. साहेब धावत आले. मशीन बघितलं, जावांकडे बघितलं, आणि शेवटी वहिनींकडे.

वहिनी फोनवर होत्या. "हो, एकशे सत्तर. नऊ दिवसांत. नाही, घाई करू नकोस, दिवसाला वीस पुरे. अंगठा खाली." फोन ठेवून म्हणाल्या, "मधल्याची मुलगी. देते म्हणाली."

"खरंच देईल?"

"तिचा होकार तिचाच आहे, साहेब."

नवव्या दिवशी एकशे चौऱ्याहत्तर आल्या. चार जास्त.

त्या आठवड्यात मालक कारखान्यात आले होते. साहेब त्यांना खुर्च्यांच्या रांगेतून फिरवत होते आणि सांगत होते, "पर्यायी पुरवठा हे माझं पहिल्यापासूनचं धोरण आहे." वहिनी दोन पावलं मागे होत्या. थोरली जाऊ धाकटीच्या कानाशी लागली, "ऐकतेस का?" धाकटी म्हणाली, "ऐकतेय. बोलू द्या बिचाऱ्याला, आठ आठवडे झोपला नाही तो."

चारशेवी खुर्ची दुपारी चारला तयार झाली. बाहेर ट्रक लागला होता आणि मागून फळ्यांचा उतार लावला होता. हमालाने पहिली खुर्ची ढकलायला घेतली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "थांब." साडी सावरून त्या खुर्चीत बसल्या, त्याला म्हणाल्या, "वर घे, उतारावर." त्याने त्यांना फळ्यांच्या मध्यावर नेलं. साहेब धावत आले. "ताई, काय करताय, पडाल."

वहिनींनी ब्रेकचा दांडा ओढला. "आता हात सोड," त्या हमालाला म्हणाल्या.

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी क्षणभर डोळे मिटले आणि मान हलवली. हमालाने हात सोडले. खुर्ची तिरक्या फळ्यांवर जागच्या जागी उभी राहिली. वहिनी थोडा वेळ तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीवर, पाय फळीपासून वर.

मग म्हणाल्या, "हं. आता दुसरी आण."

"सगळ्या बघणार?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्या नाही. यातली स्प्रिंग आपली होती. आता एक मधल्याच्या मुलीच्या स्प्रिंगेची."